संध्याकाळी व्हीपीएसवर ‘एसटी’ १७ टक्के: स्टील टाइम नेमका काय मोजतो आणि करायचं काय?

रात्रपाळी_अॅडमिन

केव्हीएमवरचा (लिनक्समधली व्हर्च्युअलायझेशनची सोय) एक व्हीपीएस, म्हणजे भाड्याचं व्हर्च्युअल मशीन (व्हीएम) आहे. ४ व्हीसीपीयू (व्हर्च्युअल सीपीयू), ८ जीबी रॅम, डेबियन १२. एनजिनएक्स (वेब सर्व्हर), पीएचपी-एफपीएम (पीएचपी चालवणाऱ्या प्रोसेस) आणि पोस्टग्रेस (डेटाबेस), तिन्ही याच मशीनवर. दिवसभर तक्रार नाही. संध्याकाळी सातनंतर मात्र एरवी १८० मिलिसेकंदांत येणारं पान ६०० ते ९०० मिलिसेकंद घेतं. आमच्या साइटवरची वर्दळ त्या वेळेला वाढत नाही, लॉगमध्ये रिक्वेस्टची संख्या दुपारएवढीच दिसते.

त्या वेळी टॉप कमांडमधली सीपीयूची ओळ साधारण अशी असते, टक्क्यांत: यूएस (यूझर) ३७.०, एसवाय (सिस्टम) १०.५, आयडी (आयडल) ३१.८, डब्ल्यूए (आयओवेट) २.२, एसआय (सॉफ्टआयआरक्यू) १.५, एसटी (स्टील) १७.०. लोड अॅव्हरेज ७ ते ८. डिस्क शांत आहे, स्वॅप वापरात नाही.

होस्टिंगवाल्यांचं उत्तर आलं की होस्टचा (ज्या खऱ्या मशीनवर माझं व्हीएम चालतं त्याचा) सीपीयू सरासरी ७० टक्के आहे, म्हणजे नॉर्मल आहे, तुम्ही ८ व्हीसीपीयूचा प्लॅन घ्या. माझे प्रश्न तीन. आयडल ३२ टक्के शिल्लक असताना १७ टक्के स्टीलने एवढा फरक का पडावा? दोष माझ्या बाजूचा की होस्टचा, हे ठरवायचं कसं? आणि ८ व्हीसीपीयू घेऊन हे सुटेल का?

दख्खन_कर्नल

आधी हा आकडा कुठून येतो ते बघू, म्हणजे बाकीचं आपोआप उलगडेल.

तुमचा प्रत्येक व्हीसीपीयू म्हणजे होस्टच्या दृष्टीने एक साधा थ्रेड. होस्टचा शेड्युलर त्याला इतर थ्रेडांसारखाच कोरवर चढवतो आणि उतरवतो. गेस्टमध्ये, म्हणजे तुमच्या व्हीएममध्ये, काम तयार आहे, व्हीसीपीयू धावायला तयार आहे, पण होस्टवर कोर मोकळा नाही, म्हणून तो रांगेत थांबलाय: एवढाच वेळ स्टील टाइममध्ये मोजला जातो. गिरणीत दळणाचा डबा रांगेत लावला की वाट पाहणं सुरू होतं. डबाच नेला नाही तर गिरणीत कितीही गर्दी असो, तुमची वाट पाहण्याची वेळ शून्य. म्हणून गेस्ट रिकामा असताना व्हीसीपीयू हॉल्ट होऊन झोपतो आणि तो वेळ आयडलमध्ये जातो, स्टीलमध्ये नाही.

गेस्टला हे स्वतःहून कळत नाही. कोरवरून उतरवलं गेलं तेव्हा तो थिजलेलाच असतो. केव्हीएममध्ये गेस्ट सुरू होताना ६४ बाइटची एक जागा मेमरीत राखून तिचा पत्ता होस्टला कळवतो. होस्ट त्या थ्रेडचा रांगेत गेलेला वेळ तिथे लिहीत राहतो, आणि गेस्टचा कर्नल तो वाचून आपल्या हिशेबात टाकतो. ही सोय लिनक्स ३.१ पासून, म्हणजे २०११ पासून आहे. जुन्या कर्नलांच्या बूट लॉगमध्ये ‘स्टीलटाइम’ शब्द शोधला की प्रत्येक सीपीयूसाठी एक ओळ दिसते. तुमच्या डेबियन १२ च्या कर्नलात ती ओळ एरवी छापली जात नाही, पण एसटी शून्याच्या वर दिसतोय म्हणजे सोय चालू आहे.

आता तुमचा पहिला प्रश्न. /प्रॉक/स्टॅट मधली पहिली ओळ दहा सेकंदांच्या अंतराने दोनदा वाचा आणि वजाबाकी करा. ‘सीपीयू’ या शब्दानंतरचे आकडे क्रमाने असे असतात: यूझर, नाइस, सिस्टम, आयडल, आयओवेट, आयआरक्यू, सॉफ्टआयआरक्यू, आणि आठवा स्टील. एकक बहुधा सेकंदाचा शंभरावा भाग. म्हणजे ४ व्हीसीपीयू आणि १० सेकंदांत एकूण ४००० टिक. तुमच्या टक्केवारीवरून फरक साधारण असा येईल:

यूझर १४८०
सिस्टम ४२०
आयडल १२७०
आयओवेट ९०
सॉफ्टआयआरक्यू ६०
स्टील ६८०

टॉप ६८० ला ४००० ने भागतो आणि १७ टक्के दाखवतो. पण आयडल आणि आयओवेटच्या वेळात तुम्हाला सीपीयू हवाच नव्हता. हवा होता तो वेळ म्हणजे १४८० + ४२० + ६० + ६८० = २६४० टिक. त्यातले ६८० रांगेत गेले. म्हणजे २६ टक्के. सीपीयू मागितल्याच्या प्रत्येक १०० मिलिसेकंदांतले २६ वाट पाहण्यात. स्टीलकडे बघायचं ते असं, मागणीच्या प्रमाणात. ५ टक्के स्टील ऐकायला किरकोळ वाटतं, पण गेस्ट फक्त १५ टक्केच चालत असेल तर मागणीचा चौथा हिस्सा रांगेत जातोय.

आता २६ टक्क्यांनी पान सव्वा-दीड पट हळू व्हायला हवं, चौपट का? कारण एका पानाचं काम सलग चालत नाही. पीएचपी क्वेरी पाठवून झोपतो, पोस्टग्रेस जागा होतो, उत्तर देऊन झोपतो, मग पुन्हा पीएचपी जागा होतो. पानाला ४० क्वेरी असतील तर अशी ८० जागरणं. प्रत्येक वेळी झोपलेला व्हीसीपीयू होस्टच्या रांगेत नव्याने उभा राहू शकतो. पुढे चार-पाच व्हीसीपीयू असतील आणि प्रत्येकाला ३-४ मिलिसेकंदांचा वाटा मिळत असेल, तर एका खेपेला १५-२० मिलिसेकंद जातात. ८० पैकी समजा २० वेळा असं झालं तर पानात ४०० मिलिसेकंदांची भर पडते. तुमच्या १८० च्या वर हे ४०० टाका, ६०० ची जवळीक दिसेल. जिथे सलग गणित चालतं, म्हणजे व्हिडिओ एन्कोडिंग वगैरे, तिथे हेच स्टील एवढं बोचत नाही.

लोड अॅव्हरेजही याचमुळे फुगतो. कामं तेवढीच असतात, पण प्रत्येक काम रन क्यूमध्ये जास्त वेळ ठाण मांडून बसतं.

आता एमपीस्टॅट चालवा, कॅपिटल ‘पी’ पर्यायाला ‘ऑल’ देऊन आणि अंतर १ सेकंद ठेवून. सिसस्टॅट पॅकेजमध्ये आहे. प्रत्येक व्हीसीपीयूचं स्टील वेगळं लिहून इथे टाका. टॉपमध्ये १ दाबलं तरी दिसेल, पण तिथे आकडे टिपता येत नाहीत.

रात्रपाळी_अॅडमिन

आज रात्री आठ वाजताचे एका मिनिटाचे सरासरी आकडे: सीपीयू शून्य ४ टक्के, सीपीयू एक ५, सीपीयू दोन ३१, सीपीयू तीन २८.

होस्ट_राखणदार

हे आकडे फार उपयोगाचे आहेत. होस्ट सगळीकडून भरला असता तर चारही व्हीसीपीयूंवर स्टील साधारण सारखं दिसलं असतं. इथे दोन सुटलेत आणि दोन अडकलेत. माझा पहिला संशय पिनिंगवर, म्हणजे व्हीसीपीयू ठरावीक कोरांना बांधून ठेवण्यावर. दोन आणि तीन हे व्हीसीपीयू ज्या कोरांना बांधलेत तिथे आणखी कुणीतरी बांधलेलं आहे, किंवा होस्टची स्वतःची कामं तिथे चालतात. व्हीहोस्टचे नेटवर्क थ्रेड, क्यूईएमयूचे (होस्टवर व्हीएम चालवणारा प्रोग्राम) आयओ थ्रेड, बॅकअपचं कॉम्प्रेशन, सगळं त्याच कोरांतून वाटा काढतं.

‘सरासरी ७० टक्के’ या उत्तराने काहीच सिद्ध होत नाही. दोन सॉकेटच्या मशीनवर एक नुमा नोड (एक सॉकेट आणि त्याची मेमरी) ९५ वर आणि दुसरा ४५ वर असला तरी सरासरी ७० च येते. शिवाय हे ७० टक्के हायपरथ्रेड (एका कोरचे दोन भासणारे सीपीयू) धरून मोजलेले असतात. एका कोरचे दोन्ही थ्रेड गुंतलेले असले की प्रत्येकाला पूर्ण कोरएवढी ताकद मिळत नाही. त्यातून पाच मिनिटांची सरासरी काढली की वीस मिलिसेकंदांच्या रांगा पार पुसल्या जातात.

होस्ट ज्यांच्या हातात आहे त्यांनी हे तपासावं. व्हर्शमधून (होस्टवरच्या लिबव्हर्ट या व्हीएम सांभाळणाऱ्या साधनाची कमांड) क्यूईएमयू मॉनिटरला ‘इन्फो सीपीयूज’ विचारलं की प्रत्येक व्हीसीपीयूचा थ्रेड क्रमांक मिळतो. मग /प्रॉक खाली त्या प्रोसेसच्या टास्क फोल्डरमध्ये त्या थ्रेडची शेडस्टॅट फाइल उघडायची. तीन आकडे असतात: कोरवर घालवलेला वेळ, रांगेत घालवलेला वेळ, आणि किती वेळा कोर मिळाला. पहिले दोन नॅनोसेकंदांत. मधला आकडा दहा सेकंदांच्या अंतराने दोनदा घ्या. फरक ३१० कोटींच्या आसपास आला, म्हणजे ३.१ सेकंद, तर तोच तुमच्या सीपीयू दोनचा ३१ टक्के. गेस्टला दिसतो तो आकडा याच जागेवरून जातो, त्यामुळे ‘तुमच्या व्हीएमच्या आतला गोंधळ आहे’ असं म्हणायला मग वाव राहत नाही.

त्यानंतर व्हर्श व्हीसीपीयूपिन आणि एम्युलेटरपिन बघा. एकाच कोरवर दोन व्हीएम बांधलेली सापडली तर बहुतेक वेळा तेच कारण. बाजूचे कोर रिकामे असले तरी बांधलेला थ्रेड तिकडे जाऊ शकत नाही.

दुसरी शक्यता कोट्याची, म्हणजे होस्टवर मुद्दाम लावलेल्या सीपीयू-वेळेच्या मर्यादेची. लिबव्हर्टमध्ये व्हीसीपीयू_पीरियड १००००० आणि व्हीसीपीयू_कोटा ५०००० असेल, तर प्रत्येक व्हीसीपीयूला दर १०० मिलिसेकंदांत ५० च मिळतात. ते संपले की उरलेला वेळ थ्रेड अडवून ठेवला जातो, आणि तोही गेस्टमध्ये स्टील म्हणूनच दिसतो, मग होस्ट अर्धा रिकामा का असेना. सीग्रुपच्या (प्रोसेसच्या गटाला मर्यादा लावणारी लिनक्सची सोय) सीपीयू.स्टॅट फाइलमध्ये एनआर_थ्रॉटल्ड वाढत असेल तर कोटा लागतोय. तुमच्या बाबतीत ही शक्यता मला कमी वाटते, कारण कोट्याला घड्याळ कळत नाही. तो पहाटे चारलाही तेवढाच अडवतो.

गेस्टमधून खात्री करायची असेल तर पहाटे ३० सेकंद स्ट्रेस-एनजी (सीपीयूवर मुद्दाम ताण टाकणारं साधन) चारही सीपीयूंवर चालवा, त्याहून जास्त नको, शेजाऱ्यांचाही होस्ट तोच आहे. स्टील जवळपास शून्य राहिलं तर कोटा नाही आणि संध्याकाळची गर्दी शेजाऱ्यांची आहे. स्टील एका पातळीवर जाऊन तिथेच चिकटून राहिलं, उदाहरणार्थ कोरवरचा वेळ काही केल्या ५० टक्क्यांच्या वर जाईना, तर ती मर्यादा मुद्दाम लावलेली आहे आणि प्लॅनच्या अटींत ती सापडेल.

पोस्टग्रेस_पाहुणा

८ व्हीसीपीयूबद्दल: याच होस्टवर मिळणार असतील तर घेऊ नका.

गर्दीच्या होस्टवर व्हीसीपीयू वाढवले की रांगेत उभे राहणारे थ्रेड वाढतात, कोर तेवढेच राहतात. डेटाबेसला याचा वेगळा फटका बसतो. पोस्टग्रेसच्या एका प्रोसेसने स्पिनलॉक (ज्याची वाट पाहणारा न झोपता फिरत राहतो असा लॉक) धरला आणि त्याच क्षणी तिचा व्हीसीपीयू होस्टने उतरवला, की बाकीचे व्हीसीपीयू तो लॉक सुटायची वाट पाहत कोर जाळतात. कर्नलच्या आतल्या लॉकांसाठी केव्हीएममध्ये पॅराव्हर्च्युअल स्पिनलॉक आहेत, तिथे वाट पाहणारा झोपू शकतो. पोस्टग्रेसचा स्वतःचा स्पिनलॉक यूझर स्पेसमध्ये फिरतो. तो काही फेऱ्यांनंतर झोप घेतो, पण तोवर यूझर टाइम वाढलेला दिसतो आणि माणूस क्वेरी ट्यून करत बसतो.

याला एक अपवाद. मर्यादा कोट्याची असेल आणि कोटा प्रत्येक व्हीसीपीयूला वेगळा लागत असेल, तर दुप्पट व्हीसीपीयूंनी खरंच दुप्पट वेळ मिळतो. म्हणून वरची पहाटेची चाचणी आधी करा.

गेस्टच्या आत तात्पुरतं करण्यासारखं बरंच आहे. पीएचपी-एफपीएमचा पीएम.मॅक्स_चिल्ड्रन, म्हणजे एका वेळी चालणाऱ्या प्रोसेसची कमाल संख्या, किती आहे? ४ व्हीसीपीयूवर ४० ठेवलेला असेल तर १० ते १२ वर आणून बघा. जादा रिक्वेस्ट सॉकेटच्या रांगेत शिस्तीत थांबतील, ४० प्रोसेस अर्धवट कामं आणि डेटाबेसचे लॉक धरून एकमेकींना अडवणार नाहीत. बॅकअप, रिपोर्टचे क्रॉन, मोठे व्हॅक्यूम हे सगळं सात ते अकराच्या बाहेर काढा. आणि ४० क्वेरींचं पान असेल तर खरी कमाई तिथे आहे. लूपमधल्या क्वेरी एकत्र करून ८ वर आणल्या तर ८० जागरणांची १६ होतात, होस्ट कसाही असला तरी.

नाइस बदलून काही होत नाही. तो गेस्टच्या आतला क्रम ठरवतो, होस्टच्या शेड्युलरपर्यंत तो पोचतच नाही.

क्लाउडवाट

हाच धागा वाचून कुणी एडब्ल्यूएसच्या (अॅमेझॉनचं क्लाउड) टी मालिकेतल्या मशीनवर शेजाऱ्यांना दोष देईल, म्हणून लिहितो. तिथे स्टीलचं नेहमीचं कारण क्रेडिट संपणं हे असतं.

एक क्रेडिट म्हणजे एक व्हीसीपीयू १०० टक्क्यांनी एक मिनिट. टी३.मायक्रोला २ व्हीसीपीयू, प्रत्येकी १० टक्के बेसलाइन (क्रेडिट न घटता सतत वापरता येणारा वाटा), तासाला १२ क्रेडिट, आणि जास्तीत जास्त २८८ साठतात. दोन्ही व्हीसीपीयू पूर्ण चालवले तर मिनिटाला २ खर्च आणि ०.२ जमा, म्हणजे निव्वळ १.८ घट. भरलेला साठा १६० मिनिटांत संपतो. स्टँडर्ड मोड असेल तर त्यानंतर वेग हळूहळू बेसलाइनवर आणला जातो. टी२.मायक्रोवर एकच व्हीसीपीयू असल्याने हे फार ठळक दिसतं. साठा संपल्यावर एखादी प्रोसेस सतत काम मागत असेल तर यूझर १० च्या आसपास आणि स्टील ९० च्या आसपास.

ओळखायची खूण अशी: गेस्टमध्ये आयडल शून्य, आणि त्याच वेळी क्लाउडवॉचमध्ये (एडब्ल्यूएसचं देखरेखीचं साधन) सीपीयू वापर फक्त १० टक्के. दोन्ही खरे आहेत. क्लाउडवॉच मिळालेला वेळ दाखवतं, गेस्ट मागितलेला. सोबत सीपीयूक्रेडिटबॅलन्सचा आलेख लावा, तो शून्याला टेकल्याची वेळ आणि स्टील चढल्याची वेळ जुळेल.

टी२ मुळात स्टँडर्ड मोडमध्ये सुरू होतं, टी३ अनलिमिटेडमध्ये. अनलिमिटेडमध्ये स्टील चढत नाही, बिल चढतं: लिनक्ससाठी जादा व्हीसीपीयू-तासाला ०.०५ डॉलर. रोज कित्येक तास बेसलाइनच्या वर राहणाऱ्या कामाला टी मालिका घेऊच नये, एम किंवा सी मालिका हिशेबात बसते.

होस्ट_राखणदार

उलट बाजूही नोंदवतो. स्टील शून्य आहे म्हणून होस्ट मोकळा आहे असं समजू नका.

व्हीएमवेअरवर गेस्टला हा आकडा आपोआप मिळत नाही. तिथे होस्टवरच्या ईएसएक्सटॉपमधला रेडी (कोरची वाट पाहण्याचा वेळ) आणि को-स्टॉप (सोबतच्या व्हीसीपीयूंसाठी थांबवलेला वेळ) बघायचा. व्हीसेंटरच्या रिअल-टाइम आलेखात रेडी मिलिसेकंदांत असतो आणि प्रत्येक ठिपका २० सेकंदांचा. ४ व्हीसीपीयूच्या व्हीएमला ८००० दिसले तर ८००० भागिले २०००० म्हणजे ४० टक्के, आणि प्रत्येक व्हीसीपीयूमागे १०. पाचच्या वर गेलं की मी कारण शोधायला लागतो. चारने भागायचं राहून गेलं की विनाकारण घबराट होते. हायपर-व्हीवरच्या लिनक्स गेस्टमध्येही स्टीलचा रकाना शून्यच राहतो, तिथे होस्टचे परफॉर्मन्स काउंटर बघावे लागतात.

केव्हीएमवरही हायपरथ्रेडच्या जोडीदाराने खाल्लेली ताकद, एल३ कॅशवरची झोंबाझोंबी, मेमरी बँडविड्थ यातलं काहीच स्टीलमध्ये येत नाही. व्हीसीपीयू कोरवर आहे ना, मग हिशेब यूझरमध्ये. तेच काम, तेवढाच डेटा, स्टील शून्य, पण यूझर टाइम संध्याकाळी दीडपट: असं दिसलं तर हे कारण धरा.

कंटेनरवाल्यांसाठी: कुबरनेटीसमध्ये पॉडला (एकत्र चालणाऱ्या कंटेनरांचा गट) सीपीयू लिमिट लागून तो अडतो तेव्हा नोडवर स्टील दिसत नाही. तो त्या पॉडच्या सीग्रुपमधल्या एनआर_थ्रॉटल्डमध्ये दिसतो. लिमिट सैल करून सुटणारी गोष्ट आहे ती, होस्टिंगवाल्यांशी तिचा संबंध नाही.

रात्रपाळी_अॅडमिन

पहाटे चारला ३० सेकंदांची चाचणी घेतली. चारही व्हीसीपीयूंवर स्टील एक टक्क्याच्या आत. म्हणजे कोटा नाही. मॅक्स_चिल्ड्रन ३५ होता, १२ केला. आता तिकीटमध्ये नेमकं काय लिहू? आणि यापुढे नजर कशी ठेवू?

दख्खन_कर्नल

‘सर्व्हर स्लो आहे’ असं लिहिलंत की पहिल्या फळीवरचा माणूस तयार उत्तर चिकटवणार. तिकीटमध्ये चार गोष्टी द्या. एमपीस्टॅटची एका मिनिटाची नोंद, वेळ आणि टाइमझोनसह, प्रत्येक व्हीसीपीयू वेगळा. पहाटेच्या चाचणीची तशीच नोंद. मागणीच्या प्रमाणात स्टील २६ टक्के, हिशेबासकट. आणि नेमकी विनंती: व्हीसीपीयू दोन आणि तीनच्या थ्रेडची शेडस्टॅट रात्री आठ ते सव्वाआठ तपासावी, पिनिंग बघावं, आणि पिनिंगमध्ये एकाच कोरवर दोन व्हीएम सापडली नाहीत तर हे व्हीएम दुसऱ्या होस्टवर हलवावं. एवढं स्पष्ट लिहिलेलं तिकीट वरच्या फळीकडे जातंच.

व्हीएम हलवल्यानंतर एक गोष्ट लक्षात ठेवा. लाइव्ह मायग्रेशननंतर काही जुन्या कर्नलांत स्टीलचा काउंटर बिघडतो आणि टॉपमध्ये एसटी १०० सारखा अशक्य आकडा चिकटतो, मशीन मात्र झपाझप चालत असतं. तसं दिसलं तर रीबूट करून मगच नव्या होस्टबद्दल मत बनवा.

नजर ठेवायला प्रोमिथियस (आकडे गोळा करून अलर्ट देणारं साधन) वापरत असाल तर त्याला मशीनचे आकडे पुरवणाऱ्या नोड एक्सपोर्टरमध्ये ‘नोड_सीपीयू_सेकंड्स_टोटल’ आहे, मोड ‘स्टील’. त्याचा पाच मिनिटांचा रेट घ्या आणि त्याला आयडल व आयओवेट सोडून बाकी सगळ्या मोडांच्या रेटच्या बेरजेने भागा. हे प्रत्येक सीपीयूसाठी वेगळं ठेवा, सरासरीत तुमचे ३१ आणि २८ दबून १७ झाले होते. दहा मिनिटं सलग १० टक्क्यांच्या वर राहिलं तर अलर्ट. शिवाय सीपीयूची मागणीच ५ टक्क्यांच्या खाली असेल तर अलर्ट दाबून ठेवायची अट घाला, नाहीतर रिकाम्या मशीनवर दोन-चार टिकांच्या स्टीलनेही भागाकार वर उडी मारतो आणि मध्यरात्री फोन वाजतो. प्रोमिथियस नसेल तर सिसस्टॅटची नोंद दहाऐवजी दर मिनिटाला करा. डेबियनवर ती मुळात बंद असते, /ईटीसी/डिफॉल्ट/सिसस्टॅट मध्ये ‘इनेबल्ड’ ला ‘ट्रू’ करावं लागतं, आणि अंतर सिसस्टॅट-कलेक्ट या सिस्टमडी टायमरमध्ये बदलायचं.